मिलाद बारा तारखेला, मग जुलूस चौदाला कसा?

2023, 2024 आणि 2025, सलग तीन वर्षं रबीउल अव्वल आला की मुलं हा प्रश्न विचारायची. मोठ्यांपैकी काहींच्या मनातही खटकायचं, की "दरवेळी आपणच का पुढे ढकलायचं?" म्हणून जरा नीट समजून घेऊ या.

2023 ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. मुस्लिम संघटनांनी जुलूस 29 ला काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने 29 ला सुट्टी जाहीर केली. 2024 ला मिलाद 16 सप्टेंबरला, विसर्जन 17 ला. मुंबईत जुलूस आणि सुट्टी 18 ला गेली. 2025 ला मिलाद 5 ला, विसर्जन 6 ला. मुंबई शहर आणि उपनगरात सुट्टी 8 ला नेली, बाकी जिल्ह्यांत 5 लाच राहिली. म्हणजे मुंब्रा-कल्याणच्या घरात मुलांच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या अब्बूंना सोमवारी! आपल्या भागाची ही अडचण हुकूम काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, हे मात्र खरं.

हे सण एकत्र का येतात? दोन्ही चंद्रावरच चालतात म्हणून. आपला महिना अमावास्येनंतर चांद दिसला की सुरू होतो. त्यामुळे आपली बारा तारीख साधारण शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीला पडते. अनंत चतुर्दशी म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. रबीउल अव्वल आणि भाद्रपद सोबत चालू लागले, की बारावी तारीख विसर्जनाला चिकटून येणारच. फरक पुढे पडतो. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. पंचांगात मात्र साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना घालून हिशेब सूर्याशी जुळवून घेतात. 2023 ला अधिक श्रावण होता, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये. मधली तीन वर्षं दोघांची गाठ पडत राहिली. 2026 ला ती सुटते: मिलाद ऑगस्टच्या शेवटी आणि गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला. अशी गाठ पुन्हा पडायला तीसेक वर्षं जातात.

आता दीनचा प्रश्न. रोजे, ईदची नमाज, कुर्बानी यांचे दिवस ठरलेले आहेत, ते कोणी हलवू शकत नाही. जुलूस तसा नाही. ती लोकांनी मुहब्बतीने केलेली व्यवस्था आहे, फर्ज नव्हे. (ज्यांना जुलूसच मान्य नाही असेही आपल्यात आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्नच येत नाही.) बारा तारखेचं दुरूद, नियाज, सीरतचं बयान त्याच दिवशी घरात आणि मशिदीत होतं. पुढे जाते ती फक्त रस्त्यावरची मिरवणूक.

आणि रस्ता तर सगळ्यांचा एकच आहे. कल्याणमध्ये गणपती दुर्गाडीजवळच्या गणेश घाटाकडे जातात. दूधनाका, रेतीबंदर तिथून फार लांब नाहीत. बंदोबस्ताला पोलीसही तेच, आदल्या रात्रभर जागलेले. मिरवणुकीत एक ठिणगी पडली तर काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. 7 मे 1970 ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल पेटली. तिच्या चौकशीला मादन आयोग बसला. 1984 ला भिवंडी पुन्हा जळली. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्हीकडची माणसं एका चटईवर बसवली. 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. जुलूसची तारीख आपसात बसून ठरवणं हे त्याच जातीचं काम आहे. यात कुणी कुणावर उपकार केले असं मानायचं कारण नाही. सुट्टीही आपल्या हक्काचीच आहे. 1990 मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने ती देशभरासाठी जाहीर केली.

तारीख बदलल्याने मिलादची शान कमी होत नाही. डीजेने मात्र होते. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरळ म्हटलं, की मोठा आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर ईदच्या जुलूसमध्येही तो घातकच. ज्या नबी (स.) यांनी शेजाऱ्याचा इतका हक्क सांगितला, त्यांच्या नावाच्या जुलूसमध्ये शेजारच्या आजारी म्हाताऱ्याची खिडकी थरथरावी, हे कुठल्या किताबात बसतं? मोहल्ल्यातल्या तरुणांशी बोलायचं तर आधी यावर बोला.

2027 साठी एक गोष्ट आताच ध्यानात ठेवा. हिशेबाने तेव्हा बारा रबीउल अव्वल 15 ऑगस्टच्या आसपास येते. सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारी जुलूस, असा दिवस होऊ शकतो. चांद एक दिवस इकडेतिकडे झाला तर 14 किंवा 16. शाळांनी आणि जुलूस कमिट्यांनी वेळा आधी ठरवल्या, तर मुलांना दोन्हीकडे जाता येईल.