एसएसडी: खोक्यावरचा वेग आणि खरा वेग

साटा जोडणीचा एसएसडी कितीही महाग घ्या, सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. ती मर्यादा जोडणीचीच आहे. एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीवर ३,५००, तर चौथ्या पिढीवर ७,००० मेगाबाइटच्या आसपास पोचतो. खोक्यावर ठळक छापतात ते हे सलग वाचनाचे आकडे. रोजच्या वापरात संगणक ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे मागतो, बहुधा एका वेळी एकच. तिथे चांगले ड्राइव्हही ५० ते १०० मेगाबाइटवर रेंगाळतात. म्हणून ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या निकालात आधी शेवटची ओळ पाहावी; ती याच तुकड्यांची असते.

लेखनाची चाचणी छोट्या फाइलवर घेऊ नये. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओचेच पाहा: १ टेराबाइटच्या ड्राइव्हमध्ये जलद लेखनाची राखीव जागा ४२ गिगाबाइट. ती भरली की वेग ८० मेगाबाइटवर येतो, आणि हा आकडा कंपनीनेच दिलेला आहे. म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! लग्नाचे चित्रीकरण साठवणाऱ्यांनी हे आधी बघावे.

वेगाबरोबर ड्राइव्हची वीजही मोजायची, तर भिंतीवरच्या मीटरने ती अख्ख्या संगणकाची कळते. ड्राइव्हच्या वीजवाहिनीतच मीटर बसवावा लागतो. नुसते वॅट पाहूनही भागत नाही: जास्त वॅट खाणारा ड्राइव्ह काम लवकर उरकून एकूण ऊर्जा कमी वापरू शकतो. लॅपटॉपच्या बॅटरीला मात्र ड्राइव्ह काम करत नसतानाचा खर्च महत्त्वाचा. गाढ झोपेत तो काही मिलिवॅटवर उतरतो, पण सेटिंगमध्ये ती झोप बंद असेल तर नाही.