दप्तरात पडलेली आपल्या घरची नोंद

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मगरिबच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक भाभी मुलीला घेऊन घरी आल्या. मुलीच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घरातले होते नव्हते तेवढे सगळे कागद.

"आपा, हिला नर्सिंगला जायचंय. मार्क चांगले आहेत. पण ओबीसीचा दाखला मिळणार नाही म्हणतात. तुम्ही जरा बघता का?"

मी कागद पाहिले. हे घर पिंजारी. मुलीचे दादा गाद्या-रजया भरायचे, त्यांची पिंजण अजूनही माळ्यावर आहे. पिंजारी जात राज्याच्या ओबीसी यादीत आहे. पण ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. या घरात त्या तारखेआधीचा एकच कागद होता, दादांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिले होते. एवढ्या एका शब्दावर अर्ज अडला होता.

असे घर हे एकटे नाही. आपल्यातल्या कित्येक बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी कुटुंबांच्या जुन्या दाखल्यांवर हाच शब्द आहे. वडीलधाऱ्यांनी शाळेत "आम्ही मुसलमान" एवढेच सांगितले आणि गुरुजींनी तेवढेच लिहिले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण पन्नास-साठ वर्षांनी त्याची किंमत नातीला मोजावी लागते.

"रजिस्टर सापडत नाही"

मी स्वतः शिक्षिका आहे. दाखला हा जनरल रजिस्टरवरून उतरवलेला असतो आणि उतरवताना चूक होऊ शकते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी भाभींना म्हटले, मूळ रजिस्टर पाहून या. दादा शिकले ती नगरपालिकेची उर्दू शाळा कधीच दुसऱ्या शाळेत विलीन झाली होती. शाळेने सांगितले, जुनी रजिस्टरे नगरपालिकेच्या शिक्षण विभागात गेली. तिथे सांगितले, "फार जुनं आहे, सापडत नाही. दाखला दिलाय ना, तो चालवा." भाभींनी तीन चकरा मारल्या. तिन्ही वेळा तोंडी विचारले आणि तोंडी उत्तर मिळाले. हातात कागद काहीच नाही.

मग मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसले आणि पहिलीच चूक मी केली. अर्जात दोन पाने भरून तक्रार लिहिली. रजिस्टर का सापडत नाही? गरिबांना चकरा का मारायला लावता? मुलीचे वर्ष वाया गेले तर जबाबदार कोण? लिहून मनाला बरे वाटले. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही.

मला राग आला. पण नंतर कायदा काढून वाचला, तेव्हा चूक माझीच असल्याचे दिसले. माहिती अधिकार कायद्यात 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे असलेले दस्तऐवज, नोंदी, आदेश, पत्रे, अहवाल. 'का' या प्रश्नाचे उत्तर त्यात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ सालीच हे स्पष्ट केले आहे. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. माझी दोन पाने कुठेच बसत नव्हती. आणि या सगळ्यात मुलीचा एक महिना गेला होता.

तीन ओळींचा अर्ज

दुसरा अर्ज असा लिहिला:

"नगरपालिका उर्दू प्राथमिक शाळेचे सन १९५० ते १९५५ चे जनरल रजिस्टर (प्रवेश-निर्गम) प्रत्यक्ष पाहण्यास मिळावे. पाहणीनंतर मी दाखवीन त्या पानाची सत्यप्रत मिळावी. सदर रजिस्टर या कार्यालयातून अन्यत्र पाठवले असल्यास त्या पत्राची किंवा पोचनोंदीची प्रत मिळावी."

यात 'का' कुठेच नाही. जी वस्तू हवी तिचे नाव, वर्ष आणि ठिकाण एवढेच आहे. तिसरी ओळ मुद्दाम घातली. रजिस्टर 'नाही' म्हणायचे असेल तर ते कुठे गेले, हे कागदावर दाखवावे लागेल. कारण माहिती नाकारण्याची कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत आणि 'सापडत नाही' हे त्यांपैकी एकही नाही. जुने दप्तर जपणे ही कार्यालयाची जबाबदारी आहे. त्यासाठी महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा वेगळा कायदाही आहे.

अर्ज भाभींच्या नावाने केला, आवक शिक्का घेतला. तीस दिवस गेले, उत्तर नाही. एकतिसाव्या दिवशी आम्ही पहिले अपील केले. तीन आठवड्यांनी सुनावणी लागली. भाभी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या केबिनमध्ये बसल्या. त्यांनी एवढेच सांगितले, "साहेब, मला रजिस्टर बघायचंय." आदेश झाला, सात दिवसांत पाहणी करू द्यावी.

कौमचा रकाना

ठरलेल्या दिवशी मी अर्धा दिवस रजा काढून भाभींबरोबर गेले. ज्या लिपिकाने तीनदा परत पाठवले होते, त्यानेच शिडी लावली, माळ्यावरचे गठ्ठे उतरवले, धूळ झटकली. बिचाऱ्याकडे तीन टेबलांचे काम होते. आणखी एक अडचण त्याने प्रामाणिकपणे सांगितली. "मॅडम, ही रजिस्टरं उर्दूत आहेत. मला वाचताच येत नाहीत. मी शोधणार कसं?"

रजिस्टर उर्दूतच होते, बोरूने लिहिलेले. १९५१ च्या पानावर दादांचे नाव सापडले. वडिलांचे नाव, जन्मतारीख, सगळे जुळत होते. त्यापुढे 'कौम' असा रकाना होता आणि त्यात दोन शब्द होते: मुसलमान पिंजारा.

पुढे केव्हातरी मराठीत दाखला उतरवताना कोणीतरी दुसरा शब्द सोडून दिला होता. मूळ नोंद मात्र पंचाहत्तर वर्षे त्या माळ्यावर जशीच्या तशी होती. मी ते दोन शब्द वाचून दाखवले तेव्हा भाभींनी पदर डोळ्यांना लावला. मला मात्र स्वतःची शरम वाटली. दाखले लिहिताना घाईत मीही कधी नुसते 'मुस्लिम' लिहून रकाना संपवला आहे. आता तसे करत नाही. रजिस्टरात जे आहे ते अक्षरशः उतरवते.

त्या पानाची सत्यप्रत आणि मराठी भाषांतर जोडल्यावर दाखला मिळाला. पण तोपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मुलगी एक वर्ष घरी बसली आणि पुढच्या वर्षी नर्सिंगला गेली. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात शिकते आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण ते एक वर्ष गेलेच. हा लेख लिहिण्याचे कारण ते वर्ष आहे.

हे लक्षात ठेवा

आधी साधा अर्ज करा. प्रत्येक कागदाला माहिती अधिकार लागत नाही. जन्म-मृत्यूचे दाखले, रहिवास, उत्पन्न अशा अनेक सेवा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येतात. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. तो वाचा. साध्या अर्जाचीही पोच घ्या. तोंडी विचारलेले कुठेच नोंदले जात नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखल्याची प्रत जोडली तर शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे हेही त्यांचेच काम आहे.

उत्तराची मुदत तीस दिवस. त्यात उत्तर नाही आले तर तो नकार समजून तीस दिवसांत पहिले अपील करा. त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. अपिलाचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते, पण तिथे बराच काळ जातो. म्हणून पहिल्या अपिलाची तयारी नीट करा आणि सुनावणीला स्वतः जा. साध्या प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात, मात्र मुदत उलटली असेल तर माहिती मोफत द्यावी लागते.

नेमका कागद कोणता, हे माहीत नसेल तर प्रत मागू नका, पाहणी मागा. पहिला तास शुल्क नसते. शिवाय २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना उर्दू किंवा मोडी वाचणारा कोणी जाणकार बरोबर असेल तर निम्मे काम होते.

आणि एकाच कागदावर अडून राहू नका. शाळेचे जनरल रजिस्टर, तहसीलमधील कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, नगरपालिकेची जन्मनोंद आणि घरपट्टीचे रजिस्टर, भूमी अभिलेखाचे मालमत्ता पत्रक, तलाठ्याकडचे फेरफार, दुय्यम निबंधकाकडचे खरेदीखत, इतक्या ठिकाणी आपल्या बापजाद्यांची नावे पडून आहेत. जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते. म्हणून वडिलांच्या नावाने शोधा. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर पिंजारी, तिसऱ्यावर मन्सुरी असे असेल तर घाबरू नका, पण सगळे कागद एकत्र ठेवा.

घरोघर एक फाइल

माझी आई-बापांना विनंती आहे. मूल आठवीत गेले की हे काम सुरू करा, बारावीच्या निकालानंतर नाही. आपल्याकडे लग्नाचे कार्ड जपून ठेवतात आणि दादांचा दाखला उंदीर खातात. घरात एक फाइल करा. त्यात तीन पिढ्यांचे दाखले, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती आणि प्रत्येक अर्जाची पोच ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला नवीन नाही. सूरह बकरामधली, कुरआनातील सर्वांत मोठी आयत त्याच विषयावर आहे.

घरात दादी-नानी असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. दादा कोणत्या शाळेत गेले, घर कोणाकडून घेतले, मूळ गाव कोणते, हे वहीत उतरवून घ्या. भाभींना शाळेचे नाव दादींनीच सांगितले होते. ते माहीत नसते तर मी तरी अर्जात काय लिहिणार होते?