नेमबाजाचें पिस्तूल : त्याची घडण आणि निगा

पिस्तूल हा शब्द कानीं पडला कीं आपल्या सुशिक्षित घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आठी चढते. पोलीस, दरोडेखोर आणि चित्रपट या तिघांपलीकडे त्या वस्तूचा कोणाशीं संबंध असेल असें त्यांस वाटत नाहीं. आणि यांत त्यांचा फारसा दोषही नाहीं. परंतु १९८८ सालीं सेऊलच्या ऑलिंपिक सामन्यांत हवेच्या पिस्तुलाची स्पर्धा प्रथम आली, आणि त्यानंतर हळूहळू हा खेळ आपल्या उंबरठ्यापाशीं येऊन पोहोंचला. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालच्या आशियाई सामन्यांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. कु. मनू भाकर यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें दोन कांस्यपदकें पटकाविलीं. तेव्हांपासून "मला पिस्तूल घेऊन द्या" हा हट्ट कित्येक दिवाणखान्यांत ऐकूं येऊं लागला असल्यास नवल नाहीं. हट्ट पुरवावा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हांस येथें सांगावयाचें तें निराळेंच आहे. दुकानांतून घरीं आलेलें स्पर्धेचें पिस्तूल हें अर्धेंच पिस्तूल असतें. उरलेलें अर्धें कानस, लांबी आणि फडकें घेऊन महिनोंमहिने घडवावें लागतें. आणि तेंही एकाच माणसाच्या एकाच हातापुरतें.

असें कां, हें समजण्यासाठीं थोडें गणित पाहूं. हवेच्या पिस्तुलाचें लक्ष्य १० मीटरांवर असतें. त्याच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, तेथून बाहेर जातांना दर ८ मिलिमीटरांस एकेक गुण कमी होतो. ७५ मिनिटांत ६० नेम मारावयाचे, तेही उभ्यानें, एका हातानें, दुसऱ्या हाताचा आधार न घेतां. पिस्तुलाच्या टोंकाशीं एक लहानशी उभी पट्टी असते, तिला माशी म्हणतात. मागच्या बाजूस एक चौकोनी खांच असते. माशी खांचेच्या बरोबर मध्यें यावी व दोहोंचे माथे एका रेषेंत दिसावे, हा नेमाचा मूलमंत्र. आतां माशी व खांच यांमधील अंतर सुमारें ३२ सेंटिमीटर धरलें, तर माशी खांचेंत एक मिलिमीटर सरकतांच छर्रा लक्ष्यावर सुमारें ३१ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे जवळजवळ चार गुण बुडाले. उलट माशी व खांच जुळलेल्याच राहून सबंध हात ३ मिलिमीटर हलला, तर छर्राही ३ मिलिमीटरच हलतो आणि दहाच्या वर्तुळांतच राहतो. नवशिका "माझा हात कांपतो" म्हणून निराश होतो. पण हात सर्वांचाच कांपतो. गुण बुडवितें तें मनगट. मनगट किंचित् वळलें कीं माशी खांचेंतून ढळते, आणि मनगट वळूं न देण्याचें काम मुठीचें आहे.

म्हणून सारी कारागिरी मुठीपासून सुरू होते. ही मूठ बहुधा अक्रोडाच्या लांकडाची असते. कारखान्यांतून ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. पण पायांत जशी दुसऱ्याची वहाण डाचते तशी तयार मूठ हाताला कोठें ना कोठें डाचतेच. ती बसली कीं नाहीं, हें पाहण्याची रीत फार सोपी आहे. लक्ष्याकडे तोंड करून उभें राहावें, डोळे मिटावे, पिस्तूल सावकाश उचलावें आणि मग डोळे उघडावे. माशी आपोआप खांचेच्या मध्यें दिसली, तर मूठ बरोबर. ती दर खेपेस एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगटानें ती ओढून मध्यें आणूं नये; मुठींत कोठें तरी लांकूड अधिक आहे किंवा उणें आहे असें समजावें.

तें कोठें आहे हें शोधण्यासाठीं तळहाताला खडूची पूड किंवा काजळी लावून मूठ धरतात. जेथें डाग दाट उमटेल तेथें दाब अधिक. तेवढीच जागा बारीक कानसेनें व काचकागदानें घांसावयाची. जेथें डागच उमटला नाहीं तेथें पोकळी आहे असें जाणून सुतारांची लांबी भरावयाची, ती वाळूं द्यावयाची आणि पुन्हां घांसावयाची. एका दिवशीं दोन-चार कानसा मारून थांबावें व आठवडाभर त्याच मुठीनें सराव करावा, हें उत्तम. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर जसा घोडीवर हलकेंच कानस फिरवून पुन्हां तार छेडून पाहतो, तसेंच हें आहे. घाईनें घांसलेलें लांकूड परत येत नाहीं. तर्जनीच्या बाजूस मात्र थोडी मोकळी फट हवी. चाप ओढणारें बोट मुठीस घांसलें, तर ओढतांना सारें पिस्तूलच बाजूला ढकललें जातें.

हौसेला येथें नियमांची वेसणही आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें हवेच्या पिस्तुलाचें वजन १५०० ग्रॅमांहून अधिक असूं नये, आणि तें ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच व ५० मिलिमीटर रुंद अशा पेटींत मावलें पाहिजे. तळहाताखालचा टेकू मुठीशीं काटकोनाहून लहान कोन करणारा नसावा, आणि मुठीचा कोणताही भाग मनगटापलीकडे जाऊन हाताला आधार देणारा नसावा. नियमाचा हेतु उघड आहे : मूठ हाताशीं जुळावी, पण हाताचें काम तिनें करूं नये.

हातावर मूठ बसविण्याचें महत्त्व जगाला एका हंगेरियन सैनिकानें जसें दाखविलें तसें दुसऱ्या कोणीं दाखविलें नसेल. कारोय टाकाच हे उजव्या हाताचे नाणावलेले नेमबाज. १९३८ सालीं सैन्यांतील कवायतींत सदोष हातबाँब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनीं कोणास न सांगतां डाव्या हातानें सराव आरंभिला, आणि १९४८ सालीं लंडन येथें २५ मीटर शीघ्र नेमबाजींत ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें तें पुन्हां जिंकलें. त्यांच्या मनोनिग्रहाची कथा सर्वत्र सांगितली जाते, व ती सांगण्यासारखी आहेच. पण आमच्यासारख्या बारीकसारीक पाहणाऱ्यास त्यांत दुसरेंही दिसतें. उजव्या तळहातासाठीं कोरलेली मूठ डाव्या हातास निरुपयोगी. म्हणजे त्या गृहस्थांस केवळ हातच नव्हे, तर हत्यारही पहिल्यापासून नव्यानें ओळखावें लागलें असलें पाहिजे.

मुठीनंतर चाप. हवेच्या पिस्तुलाच्या चापाचा ताण कमींत कमी ५०० ग्रॅम व २५ मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेपूर्वीं नळी उभी धरून चापावर तेवढें वजन अडकवितात. पिस्तुलानें तें उचललें पाहिजे. नेमबाजी संपल्यावरही चिठ्ठ्या टाकून कांहीं पिस्तुलें पुन्हां तपासतात, व तेथें चाप हलका निघाला तर मिळविलेले सारे गुण व्यर्थ जाऊन स्पर्धक बाद होतो. म्हणून जाणते नेमबाज ताण नियमाच्या अगदीं कांठावर न ठेवतां थोडा वरच ठेवतात. या ताणाचे दोन टप्पे असतात : पहिल्यांत चाप मऊपणें मागें येतो व एका ठिकाणीं अडतो, दुसऱ्यांत किंचित् जोर वाढतांच सुटतो. ते स्क्रू फिरवून कमीअधिक करतां येतात, आणि नवशिक्यांचा उत्साह नेमका येथेंच उतूं जातो. आज एक स्क्रू, उद्यां दुसरा, परवां तिसरा. मग गुण कशानें घसरले हें ब्रह्मदेवासही सांगतां येत नाहीं. एका वेळीं एकच फेरफार करावा व तो तारखेनिशीं वहींत टिपून ठेवावा.

पॅरिसच्या सामन्यांत तुर्कस्तानचे युसुफ दिकेच हे साधा चष्मा लावून, एक हात खिशांत घालून उभे राहिले व मिश्र दुहेरींत रौप्यपदक घेऊन गेले. त्याच स्पर्धेंत मनू भाकर व सरबज्योत सिंग या जोडीस कांस्य मिळालें. दिकेच यांचें छायाचित्र जगभर फिरलें, आणि "पाहा, या गृहस्थांस कसल्याही सामग्रीची गरज नाहीं" असें लोक म्हणूं लागले. खिशांत हात घालणें ही तर नेमबाजांची नित्याची ठेवण आहे, त्यानें खांदा स्थिर राहतो. आणि त्यांच्या दुसऱ्या हातांत होतें तें खास स्पर्धेसाठींच बनविलेलें पिस्तूल होतें, हें कौतुकाच्या भरांत कोणीं पाहिलें नाहीं.

आतां निगेविषयीं. हवेच्या पिस्तुलाचा प्राण म्हणजे नळीखालचें सिलिंडर. त्यांत बहुधा २०० बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या चाकांत ती दोन-अडीच बार असते, यावरून कल्पना यावी. अशा सिलिंडरावर बनविल्याची तारीख असते, व दहा वर्षांनंतर तें स्पर्धेंत चालत नाहीं, मग तें वापरलेलें असो वा कपाटांत पडलेलें. जुनें पिस्तूल विकत घेणाऱ्यानें प्रथम ही तारीख वाचावी. हवेच्या वाटेवर रबरी वायसर असतात. ते सुकले कीं हवा गळूं लागते व छर्रे खालीं पडूं लागतात. त्यांना सिलिकोनचें ग्रीस अगदीं बोटाच्या टोंकाएवढें लावावें. शिवणयंत्राचें किंवा दुसरें खनिज तेल तेथें कदापि घालूं नये. दाबलेल्या हवेशीं त्याची गांठ पडली तर तें पेट घेऊं शकतें. त्याच कारणानें प्राणवायूच्या सिलिंडरावरून पिस्तूल भरणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. नळी मात्र फारशी पुसावी लागत नाहीं : लोकरीचे मऊ बोळे अधूनमधून आंतून सरकविले कीं पुरें.

२५ मीटरचें ५.६ मिलिमीटरी काडतुसी पिस्तूल याहून खोडकर. शिसें, मेण आणि दारूची काजळी गोळीच्या घरांत साठते, आणि ऐन वेळीं काडतूस अडकतें. त्या स्पर्धेच्या शीघ्र भागांत लक्ष्य केवळ तीन सेकंद दिसतें, त्यांत हात उचलून एक गोळी सोडावयाची. तेथें अडकलेलें काडतूस म्हणजे काय अनर्थ, हें सांगावयास नको. म्हणून हें पिस्तूल सरावानंतर त्याच दिवशीं, शक्य तेथें मागच्या बाजूनें, पुसून ठेवावें व मॅगझीनचे ओठ वांकले नाहींत ना, हें पाहावें. आपल्याकडील पावसाळ्यांत तर फोमच्या पेटींत ओलसर पिस्तूल बंद करून ठेवणें म्हणजे गंजाला आमंत्रण. हाताच्या घामानेंही पोलाद डागाळतें. या पिस्तुलास परवाना लागतो, आणि त्याच्या यंत्राला घरीं हात न लावतां तें परवानाधारक कारागिराकडेच न्यावें.

एवढी काळजी घेऊनही यंत्र दगा देतें. २५ जुलै २०२१ रोजीं टोकियो येथें पात्रता-फेरी चालूं असतां मनू भाकर यांचें पिस्तूल बिघडलें. दुरुस्तींत सुमारें सतरा मिनिटें गेलीं. आणि हत्याराच्या बिघाडासाठीं वेळ वाढवून मिळत नाहीं. उरलेले नेम घाईनें मारून त्यांनीं ५७५ गुण केले व बाराव्या आल्या. अंतिम फेरींत शिरलेल्या आठव्या स्पर्धकाचे गुण ५७७ होते. दोन गुण! त्यावेळीं घरोघरीं "दुसरें पिस्तूल कां नाहीं घेतलें?" असें विचारलें गेलें. वर लिहिलें आहे तें ज्यानें वाचलें त्यास उत्तर सुचेल. दुसऱ्या पिस्तुलाची मूठ निराळी, चाप निराळा, माशीची जुळवणी निराळी. आधींपासून त्याची सारखीच जोपासना केलेली नसेल, तर तें परक्याचेंच हत्यार. म्हणून मोठ्या स्पर्धेस जाणारा नेमबाज दुसऱ्या पिस्तुलावरही मूठ तितक्याच कष्टानें बसवून नेतो आणि पंधरवड्यांतून एखादा दिवस त्यानेंच सराव करतो. विजेवर चालणारा चाप असल्यास नवा सेल बरोबर घ्यावा. वायसरांचा जोड, लहान षट्कोनी चाव्या व फडकें हीं तर पेटींत असावींच.

घरांत या वस्तूस जागा कोणती? कुलूपबंद कपाट, छर्रे निराळे, किल्ली वडिलांच्या हातीं. पेटींतून काढतांच नळींत भडक रंगाची सुरक्षेची दोरी आहे कीं नाहीं, हें पाहावें. ती दिसली कीं पिस्तूल रिकामें आहे हें लांबूनच कळतें. छर्रा न घालतां केवळ चाप ओढण्याचा कोरडा सराव घरींच होतो, आणि अनुभवी नेमबाज खऱ्या नेमांहून तोच अधिक करतात. त्यासाठीं कोरी पांढरी भिंत पुरते : लक्ष्य नसल्यानें डोळा माशीवरच राहतो व चाप सुटतांना ती हलली कीं लगेच दिसतें. हवेच्या पिस्तुलांत याची सोय मुद्दाम केलेली असते. काडतुसी पिस्तुलांत मात्र खोटें काडतूस घातल्यावांचून चाप ओढूं नये, नाहीं तर टोल्यानें घराची कड दबते. भिंतीच्या पलीकडे माणसांची वर्दळ नसावी, आणि सरावाच्या अर्ध्या तासांत लहान मुलांस त्या खोलींत येऊं देऊं नये. छर्रे शिशाचे असतात. ते हाताळल्यावर साबणानें हात धुतल्याखेरीज पानावर बसूं देऊं नये.