घरातलं विज्ञान : रात्रीही छत गरम का?

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा अनुभव सारखाच. सूर्य मावळून तीन तास झाले, तरी पंखा गरम वाराच फेकतो.

कारण डोक्यावरचा स्लॅब. जाड बुडाचा तवा गॅस बंद केल्यावरही पोळी भाजतो, तसंच हे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं. ती उष्णता झिरपत झिरपत काही तासांनी खालच्या बाजूला पोचते आणि छत रात्रभर ती खोलीत सोडत राहतं. अशा खोलीत एसी लावला, तर त्याची बरीच वीज हा तवा थंड करण्यातच जाते.

म्हणून घराच्या दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. गच्चीची गळती काढायचीच असेल, तर त्याच कामात वर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर) बसवावा किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. काळपट गच्ची बहुतेक ऊन शोषते. चांगला पांढरा थर बहुतेक ऊन आकाशाकडे परत पाठवतो. अहमदाबादेत २०१७ मध्ये गरीब वस्त्यांची छपरं अशी रंगवायला सुरुवात झाली. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं.

मग पश्चिमेची खिडकी. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात शिरलेलंच असतं. आडोसा बाहेरून हवा. पंखेही बदलावेत : जुना सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३०च्या आसपास.

एसी सगळ्यात शेवटी. उष्णता दारातच अडली, तर लहान एसीही पुरू शकतो. पांढरा थर मात्र धुळीने मळतो आणि ऊन शोषू लागतो, तेव्हा दर उन्हाळ्याआधी गच्ची स्वच्छ धुवाच.