हिशेबनीस बडोद्याला जातो

मुंबईच्या खेतवाडीतला एक चार्टर्ड अकाउंटंट वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बडोद्याच्या कलाशाखेत नाव घालतो. तेही चित्रकलेला नाही, कलासमीक्षेला! साल १९६२. तीनच वर्षांनी मुंबईत त्याचं पहिलं एकल प्रदर्शन लागतं, आणि २०१६ साली लंडनचं टेट मॉडर्न त्याच्या चित्रांना दालनामागून दालन देतं. भूपेन खख्खर त्याचं नाव. चित्रकलेची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. मग बडोद्याने त्यांना दिलं तरी काय?

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ही कलाशाखा १९५० साली सुरू झाली, हंसा मेहता कुलगुरू असताना. तोवर आपल्याकडे चित्रकला शिकायची म्हणजे कलाशाळेत हात घोटायचा आणि पदविका घ्यायची. बडोद्याने चित्रकाराला विद्यापीठाची पदवी देऊ केली आणि त्याच्या ब्रशाशेजारी कलेचा इतिहासही ठेवला. शिक्षक कोण, तर इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शांतिनिकेतनातून आलेले शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन. ही माणसं शिकवून घरी जाणारी नव्हती; विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःचं काम करत. माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होतं. गुरूलासुद्धा कॅनव्हास पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते, हे एकदा पाहिलं की नवशिक्याची भीड चेपते.

खख्खरांना बडोद्याला ओढणारे गुलाममोहम्मद शेख हे चित्रकार आणि कवी, तिथलेच विद्यार्थी आणि पुढे तिथलेच शिक्षक. समीक्षा शिकायला आलेला माणूस दिवसभर रंगवणाऱ्यांच्या घोळक्यात राहिला आणि स्वतःही रंगवत गेला. आधी देवांच्या बाजारू छापील तसबिरींची कोलाजं, मग न्हावी, घड्याळं दुरुस्त करणारा, शिंपी. ज्यांच्याकडे ‘कला’ ढुंकून पाहत नव्हती, ती माणसं थेट कॅनव्हासच्या मध्यभागी आली. खख्खरांच्या कामावर वाद घालणारे, नाक मुरडणारे आणि पाठ थोपटणारे त्याच आवारात होते. एकट्याने खोलीत बसून हा प्रेक्षकवर्ग कुठून मिळवणार?

त्याच आवारातली शिल्पकार मृणालिनी मुखर्जी तर थक्क करते. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्रं शिकताना साध्या तंतूंशी तिची गाठ पडली. मग तिने जाड दोर रंगवले आणि माग न वापरता हातानेच गाठीवर गाठ मारत नेली. आधी आराखडा नाही. गाठी जिकडे नेतील तिकडे आकार. त्यातून पुरुषभर उंचीच्या, फुलं म्हणावं की देवता अशा आकृत्या उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्र, शिल्प, विणकाम अशा भिंती पक्क्या असलेल्या शाळेत हे काम कुठल्या खात्यात बसलं असतं, देव जाणे.

आणि फाइन आर्ट्स फेअर! विद्यार्थी आणि शिक्षक मिळून ही जत्रा भरवत. सुब्रमण्यन स्वतः लाकूड, मणी, चामडं जुळवून खेळणी करत. आपण घडवलेली वस्तू अनोळखी माणूस हातात घेतो, किंमत विचारतो आणि खाली ठेवून पुढे जातो, हा धडा कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेला नसतो.

अशा शिक्षणाने पोटाची सोय लागते का? लगेच नाही. खख्खर बडोद्यात राहूनही बरीच वर्षं एका कारखान्याचे हिशेब लिहीत होते. इकडे खतावणी, तिकडे रंग. बडोद्याच्या शिक्षणाने नोकरी सुटली नाही, पण चित्र पाहणारे डोळे मात्र पहिल्या दिवसापासून भोवती होते.

घरात कुणी बारावीनंतर कलेकडे जायचं म्हणत असेल, तर माहितीपत्रकावर विसंबू नका. त्या संस्थेचं वार्षिक प्रदर्शन गाठा, मुलांशी बोला, आणि त्यांचे शिक्षक सध्या स्वतः काय रंगवताहेत तेवढं विचारा.