अचलपुरात वीज कंपनी बदलता येते का?

मुंबईच्या उपनगरांत 2009 पासून घरगुती ग्राहक तारा त्याच ठेवून दुसऱ्या वीज कंपनीकडे जाऊ शकतात. तारांचा वहन आकार बिलात लागतोच. आपल्या अचलपूर-परतवाड्यात मात्र महावितरण एकच. मग पर्याय? घराच्या छतावर सौर पॅनल!

पीएम सूर्यघर योजनेत (2024) 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटमागे महिन्याला साधारण 120 युनिटं मिळतात, म्हणजे कूलरच्या दिवसांतही मोठा आधार. नेट मीटरवर दोन आकडे बघत जा: घेतलेली वीज आणि दिलेली वीज. शिल्लक युनिटं पुढच्या बिलात वळती होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, तो किती हे आधीच विचारून घ्या. अन् उन्हाळ्यात पॅनल सकाळीच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो.