विश्लेषण : फॉर्म्युला वनमध्ये एकच शर्यत आणि दुसरा क्रमांक! कोण होते दोरिनो सेराफिनी?

फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोरिनो सेराफिनी एकाच शर्यतीत उतरले आणि दुसऱ्या क्रमांकाचे मानकरी ठरले. पण शर्यत संपली, तेव्हा ते गाडीत नव्हते.

इटलीतील पेझारो येथे १९०९ मध्ये जन्मलेले सेराफिनी मूळचे मोटारसायकलस्वार. १९३९ मध्ये त्यांनी गिलेराच्या मोटारसायकलवर ५०० सीसी गटात युरोपीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि उमेदीची वर्षे हातची गेली.

३ सप्टेंबर १९५० रोजी मोंझा येथील इटालियन ग्रां प्रीमध्ये फेरारीने त्यांना संधी दिली, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. शर्यतीत संघातील आघाडीचे चालक अल्बर्टो आस्कारी यांच्या गाडीचे इंजिन बिघडले. तेव्हाच्या नियमांनुसार सहकाऱ्याची गाडी घेऊन शर्यत पूर्ण करता येत असे. सेराफिनींची गाडी आस्कारींना मिळाली आणि ती दुसरी आली. सहा गुण दोघांत तीन-तीन असे वाटले गेले.

पुढच्याच वर्षी मिले मिलिया शर्यतीत सेराफिनींना गंभीर अपघात झाला. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत ते पुन्हा दिसले नाहीत. १९५८ पासून वाटून चालवलेल्या गाडीला गुण देणेही बंद झाले.

तो दुसरा क्रमांक आयता मिळालेला नव्हता. सेराफिनींनी तोवर गाडी सांभाळून पळवली नसती, तर आस्कारींच्या हाती काहीच लागले नसते.